वाचक विचारतात : तासाची मालिका अर्ध्या तासात बसवताना

प्रश्न : अमेरिकेतली ‘ऑल माय चिल्ड्रेन’ बंद पडल्यावर इंटरनेटवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा कथा एकदम पाच वर्षं पुढे का नेली? जुन्या प्रेक्षकाचा धागा तुटला नसेल का? (डोंबिवली)

उत्तर : थोडा तुटलाच, पण त्या लीपशिवाय (काळाच्या उडीशिवाय) मालिका उभी करणं फार अवघड होतं. ५ जानेवारी १९७० पासून एबीसी या अमेरिकी वाहिनीवर चाललेली ही मालिका २३ सप्टेंबर २०११ ला थांबली, तेव्हा ती तासाभराची होती. २९ एप्रिल २०१३ ला प्रॉस्पेक्ट पार्क कंपनीने ती हुलू आणि आयट्यून्स या इंटरनेट सेवांवर आणली ती अर्ध्या तासाची. सगळे जुने कलाकार परत येणार नव्हते. एरिका केन म्हणजे या मालिकेचा चेहरा, पण ती भूमिका करणाऱ्या सुझन लुचीसुद्धा आल्या नाहीत.

टीव्हीवरचा शेवटचा भाग जे. आर. चँडलरने भरल्या दिवाणखान्यात गोळी झाडली, त्या आवाजावर संपला होता. गोळी कोणाला लागली ते दाखवलंच नव्हतं. पुढची कथा लिहिणाऱ्याच्या हाती असं घबाड क्वचित लागतं. आधी कोण परत येतंय त्याची यादी बघायची, मग गोळी कोणाला लागली ते ठरवायचं! नव्या आवृत्तीत जे. आर.ची आधीची बायको मरिसा त्या रात्री गेलेली आहे, जे. आर. पाच वर्षांनी कोमातून उठतो, आणि एजे व मिरांडा ही तेव्हाची लहान मुलं आता शाळेच्या शेवटच्या वर्गांत आहेत. म्हणजे एका लीपने तीन कामं उरकली : न आलेल्यांचा हिशेब लागला, तरुण प्रेमकथेसाठी पात्रं मिळाली आणि अर्धवट ट्रॅक (उपकथा) बंद झाले.

किंमतही मोजावी लागली. मरिसाच्या जाण्याचं दुःख प्रेक्षकाने पडद्यावर पाहिलंच नाही, ते त्याला नंतर संवादांतून ऐकावं लागलं. म्हणून लीप घेताना एक घाव मुद्दाम ताजा ठेवावा. इथे कोमातून उठणाऱ्याला सगळं नवीनच असतं, त्यामुळे प्रेक्षकाच्या मनातले प्रश्न तोच विचारतो. ही युक्ती जुनी आहे, पण अजून चालते.

एक कागदी बाब. ‘ऑल माय चिल्ड्रेन’च्या जोडीने परत आलेल्या ‘वन लाइफ टु लिव्ह’ या मालिकेतली टॉड, स्टार आणि जॉन मॅकबेन ही पात्रं २०१२ मध्ये एबीसीच्याच ‘जनरल हॉस्पिटल’ मालिकेत गेली होती. ती परत घेण्यावरून आणि मधल्या काळात त्यांच्या कथेचं काय केलं यावरून एप्रिल २०१३ मध्ये प्रॉस्पेक्ट पार्कने एबीसीवर दावा लावला. पात्र उसनं देताना ते कधी परत येणार, तोवर त्याचं लग्न, मूल, मृत्यू कोण ठरवणार, हे करारात लिहून घ्या. वनलाइन (कथेचा थोडक्यात आराखडा) त्यानंतर लिहायला बसा.

प्रश्न : आमच्या डेली सोपमध्ये सव्वीस पात्रं आहेत. तिची दहा भागांची वेब आवृत्ती करायची आहे. कोणाला काढायचं हे कशावरून ठरवावं? (कोल्हापूर)

उत्तर : लोकप्रियतेवरून तर नक्कीच नाही. शेवटच्या साठेक भागांचे सीन ब्रेकडाउन (सीनवार तपशील) काढा आणि तक्ता करा : पात्र, किती सीन, कोणत्या सेटवर, कोणासोबत. शेवटचा रकाना महत्त्वाचा : या सीनमध्ये पात्र काही करतं, की फक्त ऐकतं? डेलीमध्ये ऐकणारी पात्रं भरपूर असतात. धाकटी जाऊ, शेजारीण, ऑफिसातला मित्र यांचं काम एवढंच की नायिकेने मनातलं बोलून दाखवावं. तीन ऐकणाऱ्यांचा एक करा आणि त्याला स्वतःचं एक गुपित द्या. ज्यांची गुपितं एकमेकांच्या आड येतात ती दोन पात्रं मात्र कधी एकत्र करू नका. तिथला संघर्षच नाहीसा होतो, आणि हे लक्षात येतं ते सहाव्या भागात.

मग सेट मोजा. बावीस मिनिटांच्या भागात साधारण आठ ते दहा सीन येतात. चार कायमचे सेट धरले तर नऊ-दहा मुख्य पात्रं पुरे, त्याहून जास्त झाली की प्रत्येकाला भागात एखादंच वाक्य येतं. डेलीत कलाकाराचे महिन्याचे किमान दिवस ठरलेले असतात, म्हणून त्याला सीनमध्ये नुसतं उभं केलं जातं. नव्या करारात दिवसांऐवजी भागांचा हिशेब धरा, म्हणजे गर्दी आपोआप ओसरेल.

काढलेल्या पात्राची वाट पहिल्या दोन भागांत एका वाक्यात लावून टाका. (अमेरिकेला पाठवलेल्या काकांचा निदान एखादा फोन येऊ द्या. आपल्या मालिकांतून अमेरिकेला गेलेली माणसं पुढे कोणाला आठवतच नाहीत.)

प्रश्न : रिकॅप (मागच्या भागाची उजळणी) आणि प्रीकॅप (पुढच्या भागाची झलक) ठेवावेत का? (नाशिक)

उत्तर : प्रीकॅप काढाच. पुढचा भाग एका बोटावर आहे. रिकॅप फार तर वीस सेकंदांचा, तोही त्या भागाला लागणाऱ्या गोष्टींपुरता. खरी चरबी भागाच्या आत असते. डेलीचा प्रेक्षक कुकरच्या शिट्ट्या मोजत बघतो, म्हणून एकच बातमी आधी स्वयंपाकघरात, मग हॉलमध्ये, मग बेडरूममध्ये सांगितली जाते. नव्या आवृत्तीत ती एकदाच सांगा आणि थेट परिणामावर या. पाच चेहऱ्यांच्या रिअ‍ॅक्शनऐवजी एकच चेहरा दाखवा, ज्याचं नुकसान होतंय त्याचा.

प्रश्न : आठवड्याला किती भाग द्यावेत? (पुणे)

उत्तर : प्रेक्षकाला जेवढे पुरे करता येतील तेवढेच. प्रॉस्पेक्ट पार्कने दोन्ही मालिकांचे आठवड्याला चार-चार भाग सोडले आणि महिन्याच्या आतच दोन-दोनवर आणले, कारण लोक रोज न बघता साठवून बघत होते. मागे पडलेला प्रेक्षक सहसा परत येत नाही. भाग कमी झाले की कथेची मोजपट्टीही बदलते. डेलीत शुक्रवारचा हुक (उत्सुकता ताणणारा शेवट) सोमवारपर्यंत धरायचा असतो, आठवड्याला दोनच भाग असले की प्रत्येक भागाचा शेवट शुक्रवारसारखाच लागतो. ब्रिटनच्या ‘हॉलीओक्स’ मालिकेने २०२४ मध्ये आठवड्याचे पाच भाग तीनवर आणले, तेव्हा सोबत वर्षभराची लीपही घेतली. हिशेब तोच : भाग कमी, म्हणून ट्रॅक कमी.

उलट अमेरिकेतली ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ ही मालिका १२ सप्टेंबर २०२२ ला एनबीसी वाहिनीवरून पीकॉक या इंटरनेट सेवेवर गेली ती रोजच्या रोज भाग देतच. फक्त तिचं चित्रीकरण प्रसारणाच्या कित्येक महिने आधी होतं. तयार भागांची एवढी मोठी बँक असली की एखादं पात्र प्रेक्षकांना आवडलं नाही हे कळेपर्यंत त्याचे शंभर भाग तयार असतात.

प्रश्न : स्टुडिओ सोडून बाहेर, हातातल्या कॅमेऱ्याने शूट केलं तर खर्च वाचेल का? (ठाणे)

उत्तर : वाचेल, पण आवाजात मार खाल. १९३७ मध्ये रेडिओवर सुरू होऊन १९५२ ला टीव्हीवर आलेल्या ‘गायडिंग लाइट’ या अमेरिकी मालिकेने २९ फेब्रुवारी २००८ पासून नेमकं हेच केलं. हातातले डिजिटल कॅमेरे, चार भिंतींचे कायमचे सेट आणि बाहेरची दृश्यं न्यू जर्सीतल्या पीपॅक गावात. सुरुवातीच्या भागांत हलणारी चौकट आणि वाऱ्याचा आवाज यांवरच तक्रारी आल्या. मालिका १८ सप्टेंबर २००९ ला संपली, अर्थात प्रेक्षकसंख्या त्याआधीपासूनच घसरत होती. तुम्ही बाहेर जाणार असाल तर प्रत्येक कलाकाराला वेगळा लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) आणि त्यावर वारा अडवणारं केसाळ विंडशील्ड लावा, सीन संपल्यावर त्याच जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा, आणि पहिले दोन आठवडे हलत्या शॉटसोबत एक मास्टर (पूर्ण सीन दाखवणारा शॉट) स्टँडवरून घ्या. डबिंगचा एक दिवस वाढला तरी वाचलेला खर्च तिथेच जातो.