सात सऱ्या नदीला सोडल्या तर?

शिरोळ भागातल्या कृष्णा-पंचगंगा काठच्या काही शेतकऱ्यांनी विचारलंय: नदीकाठी झाडं लावली की पाणी स्वच्छ होतं म्हणतात, ते खरं का? उसावर सावली पडेल त्याचं काय? आणि झाडीत पुराचं पाणी अडून शेतात जास्त दिवस थांबलं तर?

स्वच्छ होतं, पण झाडीतून जे पाणी संथ झिरपतं तेवढंच. सगळी गोम इथेच आहे.

आडसाली (पावसाळ्यात लावून साधारण दीड वर्षाने तुटणाऱ्या) उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र साधारण 20 किलो. बरेच जण वर आणखी दोन गोण्या टाकतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. या नत्राचं जमिनीत नायट्रेट होतं आणि काळी माती नायट्रेटला धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर ते खाली उतरतं, आडात जातं, नदीत जातं. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) उलटं. ते मातीच्या कणाला चिकटून बसतं आणि गाळाबरोबर वाहतं. नदीत दोन्ही पोचली की जलपर्णीला आयतं खत.

गाळ अडवायला झाडापेक्षा गवत बरं. पहिल्या मोठ्या पावसात गवताच्या पट्ट्यात शिरायच्या आधीचं आणि पट्ट्यातून बाहेर पडलेलं पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला बसलेला गाळ बोटाने मोजता येईल. नायट्रेटचं काम मात्र काठाच्या ओलसर, पालापाचोळ्याच्या जमिनीत होतं. तिथे हवा कमी असते, म्हणून जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. पालापाचोळा हे त्या जिवाणूंचं खाद्य. तो पेटवून काठ ‘साफ’ करू नका.

आता तुमच्याकडची खरी अडचण. क्षारपड जमीन सुधारायला अनेकांनी जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र पाइप टाकलेत. जमिनीसाठी ते चांगलंच, पण त्या पाइपातलं पाणी झाडांच्या मुळांखालून थेट ओढ्यात पडतं. वर कितीही झाडं लावा, त्या पाण्याला ती भेटतच नाहीत. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याच्या शेतांवर यावर तोड काढली: पाइपचं पाणी ओढ्यात न सोडता काठाला समांतर दुसऱ्या सच्छिद्र पाइपात घ्यायचं आणि तिथून झाडोऱ्याच्या जमिनीत झिरपू द्यायचं. आपल्याकडे साधा समांतर चर काढूनही सुरुवात करता येईल. एकच सांभाळा, चरातलं पाणी तुमच्या पाइपच्या तोंडाखालीच राहिलं पाहिजे. नाहीतर पाणी मागे तुंबेल आणि क्षार पुन्हा वर येतील. निचरा सामाईक असेल तर आधी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा.

पाइप नसेल तर ओघळ बघा. पाणी एकाच घळीतून धावत नदीत उतरत असेल तर तिथे दगडांचा बांध घालून ते पसरवा, मग झाडं.

जागा किती? दहा मीटर धरा, म्हणजे साडेचार फुटी सात सऱ्या (उसाच्या ओळी). काठाची लांबी 30 मीटर असेल तर तीन गुंठे जातील. जीवावर येतं, मान्य. पण 2019 आणि 2021 च्या पुरात सगळ्यात आधी कुठल्या सऱ्या बुडाल्या ते आठवा.

उंच झाडं नदीकडे, गवत उसाकडे, म्हणजे सावलीचा त्रास कमी. पाण्यालगत वाळुंज, शेरणी आणि वाळा. उतारावर करंज, उंबर, अर्जुन. शेताच्या कडेला मारवेल गवत. मारवेल कापून जनावरांना घाला. कापलेल्या चाऱ्याबरोबर खतही शेताबाहेर जातं. निलगिरी, सुबाभूळ नको. जांभूळ छान, पण तोडायला परवानगी लागते, हे ध्यानात ठेवूनच लावा. बांबूला 2017 च्या कायदादुरुस्तीनंतर ती कटकट राहिलेली नाही.

पुराची भीती अगदीच खोटी नाही. दाट झाडी पाण्याचा वेग कमी करते. म्हणून ओढ्याच्या तोंडाशी, पुलाजवळ आणि कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला झाडं लावू नका. मोडलेला ओंडका बंधाऱ्याच्या गाळ्यात अडकला की काय होतं ते सांगायला नको. बाकी काठ मुळांनी धरून राहतो, ढासळत नाही.

शहराचं सांडपाणी आणि कारखान्याचं मळीचं पाणी मात्र झाडांच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी तक्रारच करावी लागते. गावच्या आडाचं पाणी तपासाल तेव्हा नायट्रेटचा आकडा बघा, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको.

खड्डे उन्हाळ्यात काढा, लागण पहिल्या पावसानंतर. नदीपात्राची हद्द तलाठ्याकडून बघून घ्या; सरकारी जागेत परस्पर लागण नको. आणि कृष्णेत मगरी आहेत, पाण्याच्या कडेला एकट्याने कामाला जाऊ नका.