लेकीला मुलांशी बोलणारे रोबो करायचेत

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका आईचं पत्र आहे. लेक बारावी सायन्सला, ए ग्रुपमध्ये, म्हणजे गणित घेऊन. मूल जसं वागेल तसं आपलं वागणं बदलणारे रोबो तिला बनवायचेत. आई विचारते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं की बालमानसशास्त्र? घरचे तर म्हणतात, हा काय पोरखेळ!

ताई, पोरखेळ नाही हा. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 12 स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरी महिनाभर रोबो ठेवला होता, त्याचे निष्कर्ष 2018 साली आले. रोज अर्धा तास खेळ. मुलाला जमेल तसा रोबो खेळ सोपा-अवघड करायचा. नंतर रोबो समोर नसतानाही मोठ्यांबरोबर एकाच गोष्टीकडे लक्ष देणं त्या मुलांना जास्त जमू लागलं. उलट जपानच्या एका प्राथमिक शाळेत रोबोव्ही नावाचा रोबो दोन आठवडे होता. पहिल्या आठवड्यात पोरांची झुंबड, दुसऱ्यात पांगापांग. नव्याचे नऊ दिवस! मुलांना धरून ठेवणं खरंच अवघड आहे.

माझ्या चार वर्षांच्या नातीला कुणी नाव विचारलं, की ती आधी चपलेकडे बघते, फ्रॉकचं टोक पिळते, मग हळूच सांगते. तेवढ्यात यंत्राने 'ऐकू आलं नाही, पुन्हा सांग' म्हटलं, तर ती आईच्या मागे लपणार. किती थांबायचं हे यंत्राला शिकवायचं, तर शिकवणाऱ्याला आधी ते दिसायला हवं.

म्हणून पदवी इंजिनिअरिंगचीच घ्या, कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स. गणित आणि प्रोग्रामिंग मागाहून भरून काढणं फार जड जातं. पण चार वर्षं नुसत्या लॅबमध्ये घालवू देऊ नका. आपल्या सयाजीराव विद्यापीठात इंजिनिअरिंगही आहे आणि मानव विकास विभागही. त्या विभागाची चेतन बालवाडी आहे. परवानगी मागून आठवड्यातून एक सकाळ तिथे कोपऱ्यात बसता आलं, तर ते कुठल्याही महागड्या कोर्सपेक्षा मोलाचं, असं मी मनापासून सांगतो.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. फक्त याच कामाच्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत, एम.टेक. किंवा पीएच.डी.ची तयारी ठेवा. तेच कौशल्य मुलांच्या शैक्षणिक ॲप्सना आणि बोलणाऱ्या यंत्रांनाही लागतं.

आत्ता बोर्ड आणि गुजसेट, म्हणजे गुजरातची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा. परीक्षा झाली की शेजारच्या छोट्यांबरोबर तिला बसू द्या, हातात एक वही द्या. प्रश्न विचारल्यावर मूल किती सेकंद गप्प राहिलं आणि तेवढ्यात त्याने काय केलं, एवढंच लिहायचं.