गिर्यारोहण प्रश्नोत्तरे : दिवाळीनंतरचा हंगाम

पावसाळी भटकंती आटोपली की क्लबांच्या बैठका सुरू होतात आणि वर्षाचा कार्यक्रम ठरू लागतो. या वेळी आलेल्या पत्रांत त्याचेच प्रश्न जास्त आहेत.

आमचा नाशिकचा छोटा क्लब आहे. ऑक्टोबर ते मे असा कार्यक्रम एकदाच छापून सभासदांना द्यायचा आहे. सुळके कधी ठेवावेत आणि साधे ट्रेक कधी? (सचिव, नाशिक)

ऑक्टोबरात सुळका ठेवू नका. पाऊस उघडला तरी कातळाच्या भेगांतून बरेच दिवस पाणी झिरपत असतं, शेवाळ ओलं असतं. पावसाने माती धुऊन नेलेले दगड जागेवर बसलेले दिसतात आणि हात घालताच निखळतात. त्यात परतीच्या पावसाचे ढग दुपारी भरून येतात. उघडा माथा आणि सुळक्याचं टोक ही विजेची पहिली ठिकाणं. त्यामुळे हा महिना साहित्य तपासायला, गाठींच्या सरावाला आणि एखाद्या दिवसभराच्या ट्रेकला द्या. ट्रेकलाही दुपारी एकच्या आत माथा सोडायचा, हे सूचनेतच छापा.

चढाईचा खरा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. तुमच्या भागात मनमाडजवळची हडबीची शेंडी, अलंग-मदन-कुलंगचे कातळटप्पे, सगळं याच साडेतीन महिन्यांत बसवा. अलंग-मदन-कुलंग शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत कोंबू नका. मदनच्या टप्प्यावर गर्दी झाली की एकेका माणसाला वर घेण्यातच दुपार जाते आणि उतरताना अंधार गाठतो. जोडून सुट्टी असेल तेव्हा तीन दिवसांचा ठेवा.

तारीख ठरवताना कडा कोणत्या दिशेचा, तेही बघा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत राहते. सकाळी तिथे बोटं बधिर होतात. फेब्रुवारीअखेरीस मात्र पश्चिमेची भिंत घ्यावी, तिच्यावर दुपारपर्यंत ऊन येत नाही.

प्रत्येक सुळक्याची आधी रेकी करा. जुन्या मेखांवर (कातळात ठोकलेले लोखंडी खिळे) हातोडी मारून आवाज ऐकायचा. घट्ट मेख खणखणते, सैल मेखेचा आवाज बद्द येतो. खणखणली तरी गंजाचा पापुद्रा सुटत असेल किंवा मान बारीक झालेली असेल तर तिच्यावर भार टाकू नका.

मार्चपासून दोराची कामं बंद करून साधे ट्रेक घ्या, तेही पहाटे निघून दहा-साडेदहापर्यंत चढ संपतील असे. वाळलेलं गवत उतारावर आडवं पडलं की बूट त्यावरून तेलावरून सटकावा तसा सटकतो. उन्हाळ्यातले पुष्कळ अपघात कड्यावर होत नाहीत, अशा गवती धारेवर होतात. टाक्यांतल्या पाण्यावर विसंबू नका. माणशी चार लिटर खालूनच न्यायचं. आणि चूल पेटवायची नाही; वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

ट्रेकची सूचना पाठवली की निम्मे लोक फोन करून तेच तेच विचारतात, आणि न झेपणारे लोकही नाव देतात. सूचनेत नेमकं काय लिहावं? (संयोजक, डोंबिवली)

बहुतेक सूचनांत गडाचं नाव मोठं असतं आणि वाटेचं नसतंच. ‘हरिश्चंद्रगड, शनिवार-रविवार’ यातून काहीच कळत नाही. पाचनईवरून गेलं तर अडीच तासांत, घरच्या आजोबांनाही जमेल असं मंदिर गाठता येतं. खिरेश्वरवरून तोलार खिंडीतून गेलं तर तो दिवसभराचा पल्ला होतो. नळीच्या वाटेने, म्हणजे उभ्या अरुंद नाळेतून गेलं तर तो वेगळाच उपक्रम. तिन्हींची माणसं वेगळी, साहित्य वेगळं. नमुन्यादाखल:

‘हरिश्चंद्रगड, नळीच्या वाटेने. सुरुवात बेलपाडा, पहाटे ५ वाजता. चढाई सुमारे हजार मीटर, वेळ ८ ते १० तास. नाळेत मोठे धोंडे आणि घसारा. कातळटप्प्यांवर दोर लावला जाईल. मुक्काम गडावर, उतार पाचनईने. सभासद १५, लीडर ३. पात्रता: कातळटप्पा असलेले किमान दोन ट्रेक. पाणी ४ लिटर, हेल्मेट क्लबचं. नाळेत शिरल्यावर मध्येच परत फिरणं अवघड आहे. पाऊस झाल्यास नाळ रद्द, त्याऐवजी खिरेश्वर. नाव मागे घेण्याची शेवटची तारीख: आधीचा बुधवार.’

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य परत फिरण्याबद्दलचं आहे. ते वाचून दोघा-तिघांनी नाव मागे घेतलं तर सूचनेने काम केलं. पावसाची अट मोघम लिहू नका. हवामान खात्याचा ऑरेंज इशारा म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाची शक्यता. अशा इशाऱ्यात नाळ, ओढा, धबधबा असलेली वाट रद्द, असा ठराव कार्यकारिणीत करून ठेवा. मग आदल्या रात्री वाद होत नाही.

क्लबचा ११ मिलिमीटरचा स्टॅटिक रोप सहा-सात वर्षांचा आहे. वरून चांगला दिसतो. वापरावा का? (साहित्यप्रमुख, सातारा)

‘वरून’ बघून ठरवता येत नाही. दोराचं बळ आतल्या गाभ्यात असतं, आपल्याला दिसते ती त्यावरची विणलेली खोळ. सावलीत चटई टाका आणि एका टोकापासून सुरुवात करा. हातमोजे काढून दोर अंगठा आणि दोन बोटांच्या मध्ये धरून हळूहळू सरकवत जा. वीत-वीत सरकला की त्याला छोटा वळसा देऊन बघा. चांगला दोर सगळीकडे सारखा गोल वळतो. एखाद्या ठिकाणी तो घडी पडल्यासारखा मोडला, बोटांना चपटा किंवा पोकळ लागला, तर तिथला गाभा गेला. एका जागी कडक आणि चकचकीत लागला तर तिथे नायलॉन वितळलंय. भरभर उतरताना डिसेंडर (दोरावरून उतरायचं धातूचं साधन) तापतो आणि खोळीला झिलई येते. खोळ फाटून पांढरा गाभा दिसला तर प्रश्नच मिटला.

खराब जागा टोकाच्या आसपास असेल तर तेवढा भाग कापून बाकीचा दोर वापरता येतो. कापायच्या जागी घट्ट टेप गुंडाळा, तापलेल्या पात्याने कापा, नवी लांबी मोजून टोकावर लिहा. ही लांबी न लिहिल्याने ‘साठ मीटरचा’ समजून टाकलेला दोर जमिनीपर्यंत पोचत नाही. खराबी मध्ये असेल तर दोर बाद, आणि बाद झालेल्या दोराचे तुकडे करा. अख्खा ठेवला की एखाद्या शिबिरात तो पुन्हा बाहेर निघतो.

वयाबद्दल: नायलॉनचा दोर न वापरता ठेवला तरी उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांपलीकडे वापरायचा नाही, असं बहुतेक उत्पादक सांगतात. महिन्यातून एकदा वापर असेल तर साधारण पाच वर्षं, महिन्यातून अनेकदा असेल तर तीन, दर आठवड्याला असेल तर वर्षभर. दगड पडून मार बसला, ॲसिड लागलं, तर त्याच दिवशी बाद. गाडीच्या डिकीत बॅटरी किंवा इन्व्हर्टरशेजारी दोर ठेवण्याची सवय फार वाईट आहे. ॲसिडच्या वाफेने गाभा कुजतो आणि बाहेरून डागसुद्धा दिसत नाही. तुमच्या दोराची खरेदीची नोंद आणि वापराचं रजिस्टर नसेल, तर तपासणीत तो चांगला निघाला तरी त्यावर माणूस लटकवू नका. सामान वर ओढायला ठेवा आणि नव्याला पहिल्या दिवसापासून रजिस्टर लावा.

धुताना कोमट पाणी, तीस अंशांपर्यंत, साबण लावलाच तर अगदी सौम्य, आणि सुकवायचा सावलीत. स्टॅटिक दोरावर लीड चढाई (वरून दोर नसताना सगळ्यांत पुढे चढणं) करायची नाही, हे पेटीच्या झाकणावर रंगवून टाका. तो ताणला जात नाही, त्यामुळे पडणाऱ्याच्या अंगावर आणि अँकरवर (दोर जिथे बांधलाय त्या आधारावर) सगळा झटका एकदम येतो.

रॅपलिंग शिबिराला चाळीस नावं आली आहेत. एक दिवस, एक कडा, तीस मीटर. जमेल का? (शिबिरप्रमुख, पुणे)

एका लाइनवर जमणार नाही. हिशोब मांडा. हार्नेसची (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांची) तपासणी आणि डिसेंडरमध्ये दोर घालणं तीन मिनिटं, उतरणं चार, खाली दोर मोकळा होऊन ‘दोर मोकळा’ अशी हाक येणं एक. माणशी आठ मिनिटं धरली तरी चाळीस जणांना पाच तास वीस मिनिटं होतात. पहिल्यांदा उतरणारा माणूस कड्याच्या काठावर थांबतोच, त्यामुळे प्रत्यक्षात दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे सात-आठ तास. शेवटचे दहा जण संधिप्रकाशात, दमलेल्या प्रशिक्षकांच्या हाती. चुका तिथेच होतात.

दोन लाइन लावा किंवा दोन तुकड्या वेगळ्या दिवशी घ्या. दोन लाइनना चार दोर लागतात: प्रत्येकी एक उतरायचा, एक बिलेचा, म्हणजे घसरलेल्याला थोपवणारा सुरक्षेचा. दोन्हींचे अँकर एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. वर प्रत्येक लाइनवर दोन माणसं, एक बांधणारा आणि एक बिले देणारा. बांधणाऱ्याने स्वतःची तपासणी पुरेशी मानू नये. बिले देणाऱ्याने बकल, कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू आणि गाठ हात लावून बघायची. दोर कड्याच्या धारेवर घासतो तिथे जाड गोणपाट किंवा पॅड बांधा. आपल्या बेसाल्टची धार खोळ लवकर कापते.

दोन गोष्टी हमखास चुकतात. मोकळे केस, ओढणी किंवा सैल टी-शर्ट डिसेंडरमध्ये ओढला जातो आणि माणूस अधांतरी अडकतो. म्हणून केस हेल्मेटच्या आत आणि शर्ट हार्नेसखाली खोचलेला. दुसरं, खाली उतरलेले लोक फोटोसाठी लाइनखालीच उभे राहतात. पायथ्यापासून बाजूला चुन्याची रेघ मारा आणि तिच्या आत फक्त दोर धरणारा एक माणूस ठेवा.

लोहगडावर या वर्षी रॅपलिंगसाठी दोन बोल्ट मारायचा विचार आहे. गड जागतिक वारसा यादीत गेल्याने काही बदललं का? (सभासद, पिंपरी)

बोल्ट यादीआधीही मारता येत नव्हते. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांची नोंद झाली: अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यांतले लोहगड, रायगड, शिवनेरी, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. साल्हेर, राजगड, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. संरक्षित वास्तूत छिद्र पाडणं हा गुन्हा आहे. तटबंदीला किंवा बुरुजाच्या चिऱ्याला दोर बांधणंही टाळा, सुटलेला चिरा माणसासकट खाली येतो. उपक्रम गडाबाहेरच्या कड्यावर न्या, आणि तिथेही जमीन वनखात्याची की गावाची, हे विचारून लेखी परवानगी घ्या.

एकोणीस वर्षांची मुलगी बेसिक कोर्सला जाऊ इच्छिते. कुठे आणि काय तयारी? (पालक, कोल्हापूर)

उत्तरकाशीची नेहरू संस्था, दार्जिलिंगची हिमालयन संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था आणि अरुणाचलात दिरांगची निमास ही राष्ट्रीय संस्था, यांपैकी कुठेही. कोर्स साधारण चार आठवड्यांचा. जागा महिनोन्‌महिने आधी भरतात, म्हणून आधी अर्ज आणि मग कॉलेजची रजा. तीन महिने तयारी करा: पाच किलोमीटर तीस मिनिटांच्या आत धावणं, आणि आठवड्यातून दोनदा पंधरा किलोची सॅक घेऊन चढ. बूट नवे नकोत. पुढे ॲडव्हान्सला जायचं असेल तर बेसिकला ‘ए’ श्रेणी लागते. ती केवळ दमावर मिळत नाही. गाठी, शिस्त, तुकडीशी वागणं, सगळं बघतात.

कड्यावर आग्यामोहोळ असेल तर उपक्रम रद्द करायचा का? (लीडर, अकोले)

चढाईच्या रेषेच्या आसपास किंवा वर पोळं असेल तर हो, रद्द. रेकीच्या वेळी दुर्बिणीने कपारींच्या छताखाली बघा. काळपट, अर्धगोल, मीटरभर रुंदसुद्धा असतं. खालच्या खडकावर पिवळे ठिपके पडलेले दिसले तर वर पोळं शोधा. पोळ्यावरून एकदम लाट गेल्यासारखी दिसली, म्हणजे माशा एकापाठोपाठ पोट उचलतायत, तर तो इशारा समजा आणि आवाज न करता मागे फिरा. अत्तर, डिओ, धूर, सिगारेट, आरडाओरडा, ड्रोन, यांतलं काहीही नको.

हल्ला झालाच तर हात झटकू नका. चेहरा झाकून शक्य तितकं लांब पळा, दाट झाडीत शिरा. नांगी नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. तिच्या वासाने बाकीच्या माशा त्याच जागी येतात.

खरी अडचण दोरावरच्या माणसाची. तो पळू शकत नाही. म्हणून उतरायचा दोर अँकरला पक्क्या गाठीने न बांधता मुंटर-म्यूल या भार असतानाही सोडवता येणाऱ्या गाठीने बांधा. सोडवली की अडकलेल्याला दोरासकट खाली सोडता येतं. मात्र त्यासाठी दोर कड्याच्या उंचीच्या दुप्पट लागतो: तीस मीटरला साठ. लीडर आणि बिले देणाऱ्याच्या खिशात डोक्यावरची जाळी ठेवा, किंमत फार नाही.

ओठ-जीभ सुजणं, घरघर, चक्कर, अंगभर गांधी उठणं, यांतलं एखादं लक्षण काही मिनिटांत दिसलं तर ती ॲलर्जी आहे आणि ॲलर्जीच्या साध्या गोळीने भागणार नाही. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. ११२ ला फोन करा आणि जवळच्या आरोग्य केंद्राकडे निघा. आधी कधी माशी चावून त्रास झालाय का, हा प्रश्न सभासदत्वाच्या अर्जात हवा, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याने आपलं इंजेक्शन सोबत आणल्याशिवाय त्याला कड्याच्या उपक्रमाला घेऊ नका.