कोणाला धरायचं, कोणाला सोडायचं

सोशल मीडियावर कोणाला फॉलो करावं, कोणाला काढावं आणि काढलं तर समोरचा दुखावेल का, अशी बरीच पत्रं या वेळी आली. त्यांतली काही निवडून उत्तरं देत आहोत. अ‍ॅपमधल्या बटणांची इंग्रजी नावं जशी उच्चारतात तशीच लिहिली आहेत. अपडेटनंतर बटणांची जागा इकडेतिकडे होते, तेव्हा नावावरून शोधा.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर मी साधारण १४०० अकाउंट्स फॉलो करते. साड्यांची दुकानं, रेसिपी, कॉलेजच्या मैत्रिणी, ट्रेकवाले, सगळंच. पण उघडलं की मैत्रिणींचं काही दिसतच नाही, अनोळखी लोकांच्या रील्सच पुढे येतात. हे सोडून नवं अकाउंट उघडू का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

नवं उघडू नका. चार महिन्यांत तेही असंच भरेल. तुम्हाला जे दिसतं ते सगळं त्या १४०० मधून येत नाही. बराचसा भाग अ‍ॅपने स्वतःहून सुचवलेला असतो. त्यामुळे १४०० चे २०० केले तरी अनोळखी रील्स येतच राहतील. आधी सुचवणी थांबवा, मग यादीला हात घाला.

होमवर वरच्या इन्स्टाग्राम या नावावर बोट ठेवलं की ‘फॉलोइंग’ आणि ‘फेव्हरिट्स’ असे दोन पर्याय येतात. ‘फॉलोइंग’मध्ये फक्त तुम्ही फॉलो केलेले लोक दिसतात, ताजी पोस्ट आधी. ‘फेव्हरिट्स’मध्ये ५० अकाउंट्सपर्यंत घालता येतात. मैत्रिणी तिथे घाला. मात्र अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं की ते नेहमीच्या फीडवर परत जातं. ‘करून पाहिलं, काही फरक पडला नाही’ असं अनेक जण म्हणतात ते यामुळेच. प्रत्येक वेळी ते निवडावं लागतं. शिवाय सेटिंग्जमध्ये ‘कंटेंट प्रेफरन्सेस’ इथे सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस थांबवण्याची सोय आहे. ३१ व्या दिवशी त्या परत सुरू होतात, तेव्हा तारीख लक्षात ठेवा. ही सोय होम फीडपुरतीच आहे, रील्सचा टॅब चालूच राहतो.

आता यादी. प्रोफाइलवर ‘फॉलोइंग’चा आकडा दाबला की वर ‘लीस्ट इंटरॅक्टेड विथ’ अशी ओळ दिसते. गेल्या ९० दिवसांत ज्यांच्याशी तुमचा सर्वांत कमी संबंध आला ते लोक तिथे असतात. पण ती यादी डोळे मिटून साफ करू नका. संबंध म्हणजे लाइक, कमेंट, स्टोरीला दिलेलं उत्तर. वर्षातून दोनदाच फोटो टाकणारी मैत्रीण, किंवा जिचं तुम्ही मन लावून वाचता पण लाइक करत नाही अशी लेखिका, दोघी त्याच यादीत सापडतील. दुसरी वाट जास्त कामाची आहे : यादी ‘अर्लिएस्ट’ क्रमाने लावा, म्हणजे सर्वांत जुनी अकाउंट्स वर येतील. एका दिवाळीत साडी घेतली म्हणून धरलेलं दुकान, बक्षीस योजनेसाठी फॉलो केलेली पाच पेजेस, बंद पडलेले ब्लॉग, हे सगळं तिथेच निघतं.

‘हे मी कधी फॉलो केलं?’ असं वाटणारं एखादं अकाउंट हमखास दिसेल. बहुधा तुम्हीच केलेलं असतं, पण तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. फॉलोअर जमवायचे, पेज विकायचं, नाव बदलायचं आणि दुसरंच काही दाखवायचं, असा धंदा चालतो. त्या प्रोफाइलवर तीन ठिपके दाबून ‘अबाउट धिस अकाउंट’ पाहा. कधी उघडलं, कोणत्या देशातून चालतं, नाव किती वेळा बदललं, हे बऱ्याच अकाउंट्सबाबत तिथे कळतं. कालचं रेसिपीचं पेज आज पैसे दुप्पट करून देत असेल, तर काढा आणि रिपोर्टही करा.

बाकीच्यांसाठी आमची कसोटी सोपी आहे. नाव वाचून त्यांची शेवटची एक तरी पोस्ट आठवते का? आठवत असेल, तर ती पाहून तुम्ही काय केलंत? भाजी करून पाहिली, गडावर जाऊन आलात, मैत्रिणीला फोन लावला, तर ठेवा. आणि ज्यांचं पाहिल्यावर आपलं घर, आपलं अंग, आपली मुलं कमी वाटू लागतात, ते अकाउंट कितीही देखणं असो, सर्वांत आधी तेच काढा, असं आम्ही आग्रहाने सांगू.

एका बसणीत वीस-तीसच काढा. भराभर काढत गेलात तर यंत्राकडून हे काम होतंय असं समजून इन्स्टाग्राम काही काळ तुमचं बटण अडवतं. प्रायव्हेट अकाउंट काढण्याआधी दोनदा विचार करा. तिथलं जुनं सगळं दिसायचं बंद होतं आणि परत यायचं तर नव्याने रिक्वेस्ट पाठवावी लागते, म्हणजे काढलं होतं हे त्यांना कळतंच.

सगळं झाल्यावर ‘रीसेट सजेस्टेड कंटेंट’ वापरा, आधी नाही. त्याने सुचवणी कोऱ्या पाटीवर येते आणि ते उलटवता येत नाही. नंतरचे काही दिवस कशावर थांबता ते सांभाळा. न आवडलेली रील शेवटपर्यंत पाहिली तर अ‍ॅपच्या लेखी ती आवडलेलीच असते.

प्रश्न : आमच्या मोठ्या जाऊबाई फेसबुकवर रोज दहा-पंधरा पोस्ट टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला तर इतके तुकडे असतात की गोलाभोवती रेघा नाही, ठिपके दिसतात. अनफ्रेंड केलं तर घरात महाभारत होईल. काय करू?
— एक वाचक, सांगली

अनफ्रेंड करण्याची गरजच नाही. फेसबुकवर मैत्री आणि फॉलो ही दोन वेगळी बटणं आहेत. मैत्री झाली की फॉलो आपोआप चालू होतं, म्हणून ती एकच वाटतात. जाऊबाईंच्या प्रोफाइलवर ‘फ्रेंड्स’ दाबून ‘अनफॉलो’ करा. मैत्री तशीच राहते, त्यांना सूचना जात नाही, फक्त त्यांच्या पोस्ट तुमच्या फीडमध्ये येत नाहीत. कायमचं नको असेल तर त्यांच्या एखाद्या पोस्टवरचे तीन ठिपके दाबून ३० दिवसांचं ‘स्नूझ’ घ्या. गणपती-नवरात्रात पोस्टचा पूर येतो, तेव्हा तेवढं पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या स्टेटसवर बोट दाबून धरा आणि ‘म्यूट’ करा. तो खाली वेगळ्या रांगेत जातो. म्यूट केलेला स्टेटस तुम्ही उघडून पाहिलात आणि तुमच्या निळ्या टिका चालू असतील, तर पाहणाऱ्यांत तुमचं नाव त्यांना दिसतं. इथे ते तुमच्या सोयीचंच आहे. आठवड्यातून एकदा उघडा. नातवाचा पहिला वाढदिवस, कोणाचं ऑपरेशन, अशा खऱ्या बातम्याही त्याच गर्दीत असतात आणि त्या चुकल्या तर वाईट वाटणं साहजिक आहे.

घरच्या ग्रुपमधून मात्र बाहेर पडू नका. सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते हे खरं, पण गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं ते ग्रुपच्या माहितीत सगळ्यांना पाहता येतं. ग्रुप ‘ऑल्वेज’ म्यूट करून ‘अर्काइव्ह’ करा. तुमचं नाव घालून कोणी विचारलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं, तर कळेल. बाकी शांत.

हे सगळं कंटाळ्यावरचे उपाय आहेत. कोणी त्रास देत असेल, घाणेरडं लिहीत असेल, तर नातं न पाहता ब्लॉक करा.

प्रश्न : मी शेतीचे तीसेक यूट्यूब चॅनेल आणि फेसबुक पेज पाहतो. तुरीवरच्या अळीला एक जण एक औषध सांगतो, दुसरा तीन औषधं एकत्र करायला सांगतो. पावसाच्या तारखाही सगळ्यांच्या वेगळ्या. कोणाला ठेवू?
— एक शेतकरी वाचक, जिंतूर, जि. परभणी

फॉलोअर किती ते बघू नका, तो माप कसं सांगतो ते बघा. ‘पंपाला एवढं टाका’ म्हणून थांबणारा चॅनेल आजच काढा. पंप १० लिटरचा, १५ चा की २०चा? समजा, शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के. एकरी मात्रा ८८ ग्रॅम. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १० लिटरला ४.४ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ६.६ आणि २० लिटरच्या पंपाला ८.८ ग्रॅम. ‘पंपाला’ या एका शब्दात मात्रा दुप्पट होते किंवा निम्म्यावर येते. पॉवर पंपाने एकराला पाणी बरंच कमी लागतं. म्हणून साध्या पंपाची टाकीमागची मात्रा तशीच वापरली तर एकरी औषध कमी पडतं, अळी मरत नाही आणि माणूस दुसरं औषध आणायला दुकानात जातो. जाणकार माणूस एकरी किंवा हेक्टरी मात्रा सांगतो, साधा पंप की पॉवर पंप ते सांगतो, आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची तेही सांगतो.

दुसरी खूण लेबल क्लेमची. ते औषध त्या पिकावर, त्या किडीसाठी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे मंजूर आहे का, हे डब्यासोबतच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं. व्हिडिओतला सल्ला आणि पत्रक जुळत नसेल तर पत्रक खरं. एकत्र करायची म्हटली की तीन-चार औषधं, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच टाकीत ओतायला सांगणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा यांबद्दल एक शब्द न बोलता फवारणी दाखवणारा चॅनेल आपल्या जिवाची काळजी करत नाही, हे ओळखा.

पावसाचं थोडक्यात : वीस दिवस आधी तुमच्या तालुक्याची तारीख सांगणाऱ्याला सोडा. हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज पाच दिवसांचा असतो. मराठवाड्याचा मुंबईच्या प्रादेशिक केंद्रातून येतो, विदर्भाचा नागपूरच्या. त्यावर आधारलेला कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तुमच्याकडे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून. तो धरा. मग आपल्या भागातले, आपल्यासारखीच जमीन असणारे दोन-तीन शेतकरी धरा, जे फसलेला प्रयोगही दाखवतात. तीसचे सहा झाले तरी पुष्कळ.

यूट्यूबवर नुसतं अनसबस्क्राइब करून भागत नाही. होमवर त्या व्हिडिओचे तीन ठिपके दाबून ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’ करा आणि त्याचे पाहिलेले व्हिडिओ हिस्टरीतून काढा, नाहीतर त्याच धाटणीचे दुसरे चॅनेल येत राहतात.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर मला कोणी अनफॉलो केलं हे दाखवणारं अ‍ॅप वापरू का?
— एक विद्यार्थी वाचक, नागपूर

नको. अशी बरीच अ‍ॅप्स तुमचा पासवर्ड मागतात आणि मग तुमच्या नावाने तीच लोकांना फॉलो करतात. अकाउंट जातं ते असं. एखाद्या माणसाबद्दल पाहायचंच असेल तर त्याच्या ‘फॉलोइंग’ यादीत आपलं नाव शोधा. पूर्ण यादी हवी असेल तर सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स सेंटर’मधून स्वतःची माहिती डाउनलोड करा. त्यात फॉलोअर आणि फॉलोइंग अशा दोन याद्या मिळतात. पासवर्ड आधीच दिला असेल तर आत्ता बदला आणि ‘टू-फॅक्टर’, म्हणजे पासवर्डसोबत कोडही मागणारी सोय, चालू करा.

प्रश्न : निवृत्तीनंतर शेअर बाजाराचे काही चॅनेल फॉलो केले आहेत. एकाला निळी टिक आहे. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, नाशिक

निळी टिक आता पैसे भरून मिळते. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) २०२३ च्या एप्रिलमध्ये जुन्या फुकट टिका काढल्या गेल्या आणि त्याच वर्षी जूनपासून भारतात फेसबुक-इन्स्टाग्रामवरही ती विकत मिळू लागली. टिक म्हणजे ज्ञानाचा दाखला नव्हे.

सल्ला देणाऱ्याला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचा, नोंदणी क्रमांक लागतो. गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने, पुढे नऊ अंक. क्रमांक प्रोफाइलवर नसेल तर सोडा. असेल तर सेबीच्या वेबसाइटवर टाकून नाव जुळतं का ते पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही आहेत. ‘आम्ही फक्त शिकवतो’ म्हणणाऱ्यांसाठी सेबीने २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट केलं आहे की शिकवताना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून चालणार नाही. तेव्हा आजच्या भावावर ‘उद्या हा घ्या’ म्हणणारा शिकवत नाही, टिप देतो. नक्की परतावा कबूल करणारा आणि व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्राम ग्रुपवर बोलावणारा, या दोघांना आजच काढा. आयुष्यभराची पुंजी आहे ही.

प्रश्न : जिवलग मित्र गेला. फेसबुक त्याच्या वाढदिवसाची आठवण करून देतं, जुने फोटो अचानक समोर येतात. अनफ्रेंड करायला हात धजत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

अनफ्रेंड करू नका. मैत्री ठेवून फक्त अनफॉलो करा. मग ‘मेमरीज’च्या सेटिंगमध्ये ‘हाइड पीपल’ इथे त्याचं नाव घाला, म्हणजे जुने फोटो न सांगता समोर येणार नाहीत. ते कुठे जात नाहीत. तुम्ही जाल तेव्हा त्याच्या प्रोफाइलवर असतील. पुढे कधी हवंसं वाटलं तर नाव परत काढता येतं.

वाढदिवसाची सूचना बंद व्हायला त्याचं अकाउंट स्मृतिरूपात न्यावं लागतं. नावाजवळ ‘रिमेंबरिंग’ असं येतं आणि आठवणीच्या सूचना थांबतात. मृत्यूचा पुरावा जोडून विनंती करावी लागते. ती मित्रालाही करता येते, पण वहिनींना किंवा त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय करू नका. एकदा ते झालं की त्या अकाउंटमध्ये कोणालाच लॉगिन करता येत नाही, आणि घरचे कदाचित अजून तिथून फोटो उतरवून घेत असतील.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपायचं असेल तर चॅट उघडून ‘एक्स्पोर्ट चॅट’ने ईमेलवर पाठवून ठेवा. १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सअ‍ॅप अकाउंट साधारणपणे मिटवलं जातं, तेव्हा त्याचा फोटोही दिसेनासा होईल. तुमच्या फोनमधलं चॅट मात्र राहतं. बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. म्हणून पुढे कधी त्या नावाशेजारी अनोळखी चेहरा दिसला तर दचकू नका, आणि त्या चॅटमध्ये काही लिहूही नका.