थडगं आहे, पण राजा आत आहे का?

प्रश्न : पोर्तुगालचा राजा सेबाश्तियाँव लढाईत नाहीसा झाला, तो धुक्याच्या सकाळी परत येऊन देशाला सोडवणार, अशी आख्यायिका वाचली. त्याचं प्रेत मिळालंच नव्हतं का? – एक वाचक

उत्तर : मिळालं होतं. निदान तसं सांगितलं तरी गेलं. लिस्बनच्या बेलें भागातल्या मठात मी त्याचं थडगं पाहिलंय. संगमरवरी हत्तींनी पेललेलं आणि वर लॅटिनमध्ये कोरलेलं, ‘लोक म्हणतात ते खरं असेल तर’ इथे सेबाश्तियाँव निजला आहे. थडग्यानंच हात वर केलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत!

४ ऑगस्ट १५७८ ला मोरोक्कोत अल्कासर किबिरला तो पडला तेव्हा वय होतं २४, लग्न नाही, मूलबाळ नाही. गादीवर म्हातारा चुलत आजोबा बसला, तोही कार्डिनल, म्हणजे लग्न न करणारा बडा धर्मगुरू. दोन वर्षांत तो गेला आणि राज्य स्पेनच्या फेलिपे दुसऱ्याच्या घशात गेलं. आता मेख पाहा : १५८२ मध्ये ते प्रेत बेलेंला आणवलं ते या फेलिपेनंच. ज्याला राज्य मिळालं, त्यानंच दाखवलेलं प्रेत कोण खरं मानणार? ‘राजा जिवंत आहे’ म्हणणं म्हणजे ‘फेलिपे आमचा राजा नाही’ म्हणणं.

मग तोतये निघाले. आपल्याकडे पानिपतानंतर भाऊसाहेबांचा निघाला तसे, पण इथे एकाला चार. स्पेनमधल्या माद्रिगालच्या एका पेस्ट्रीवाल्याला १५९५ मध्ये फाशी झाली. व्हेनिसमध्ये उगवलेला तर इटलीतल्या कालाब्रियाचा. त्याला धड पोर्तुगीजही येत नव्हतं, तरी मानणारे भेटलेच.

गंमत म्हणजे ‘लपलेला राजा येईल’ ही भविष्यवाणी सेबाश्तियाँवच्या जन्माआधीची. त्रांकोझू गावच्या बांदार्रा नावाच्या चांभारानं ती पद्यं रचली, त्यापायी १५४१ मध्ये त्याला इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, उभं राहावं लागलं. सेबाश्तियाँवला ती नंतर चिकटवली. १६४० मध्ये स्पेनचं जू झुगारून जुआँव चौथा गादीवर आला, तेव्हा तीच पद्यं त्याला लावली गेली. तो १६५६ मध्ये वारला, तर पाद्री आंतोनिऊ व्हिएइरा म्हणू लागले, हा जुआँवच पुन्हा जिवंत होणार. त्यांनाही इन्क्विझिशननं कोठडीत टाकलं.