प्रश्न तुमचे: सगळ्या स्क्रीनला एकच थिनर चालेल का?

प्रश्न: दादा, नमस्कार. सिडकोत घराच्या मागच्या खोलीत मी आणि माझे दीर स्क्रीन प्रिंटिंग करतो. आधी फक्त लग्नपत्रिका होत्या, आता कापडी पिशव्या आणि सिंहस्थाच्या टी-शर्टच्या ऑर्डरी पण यायला लागल्यात. सगळ्या स्क्रीन एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरनेच धुतो, तरी शाई जाळीत अडकते, जुनं डिझाइन पुसट दिसत राहतं. वासाने सासूबाईंचं डोकं दुखतं. दुसरं थिनर आणू का?
- एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, थिनर बदलायच्या आधी शाईचा डबा बघा. तुमच्याकडे आता तीन कामं म्हणजे बहुतेक तीन जातीच्या शाया असणार आणि तिन्हींना एकच थिनर, खरी गडबड इथे आहे.

टी-शर्टची शाई प्लास्टिसोल, म्हणजे पीव्हीसीची, असेल तर ती हवेवर वाळतच नाही, साधारण १६० डिग्रीला भाजल्यावरच पक्की होते, त्यामुळे घाई नसते. पुठ्ठ्याच्या तुकड्याने जेवढी निघेल तेवढी परत डब्यात भरा आणि मग मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. तिला एनसी थिनर लावलं की त्यातलं पीव्हीसी फुगून चिकट होतं आणि जाळीत आणखीच रुतून बसतं. पिशव्यांची पाण्यातली शाई याच्या बरोबर उलट, ओली असेपर्यंत साध्या पाण्याने जाते पण एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही, म्हणून प्रिंट संपला की चहासुद्धा नंतर, आधी स्क्रीन नळाखाली. तिच्यावर थिनर टाकलं तर ती दुधासारखी फाटते. पत्रिकेच्या शाईला डब्यावर लिहिलेलं रिड्युसरच (शाई पातळ करायचं द्रावण) वापरा. आणि थिनरने फ्रेमला जाळी चिकटवलेला गमही सैल पडतो हे लक्षात ठेवा.

पुसताना थिनर ओतू नका, दोन ओली फडकी घ्या, एक वरून एक खालून, आणि समोरासमोर दाबून पुसा. शाई पूर्ण गेल्यावर भांड्याच्या साबणाने तेलकटपणा काढा, मगच इमल्शन, म्हणजे जाळीवरचा डिझाइन बनवणारा थर, काढायचं केमिकल लावा, कारण शाईचा थर राहिला तर ते इमल्शनपर्यंत पोचतच नाही. ते स्क्रीनवर वाळू मात्र देऊ नका, नाहीतर इमल्शन कायमचं बसतं. पुसट डिझाइनचं म्हणाल तर स्क्रीन उजेडासमोर धरा, भोकं मोकळी दिसत असतील तर तो नुसता डाग आहे, प्रिंटला काही होत नाही, राहू द्या. त्यासाठी कॉस्टिकवाला हेझ रिमूव्हर (असे डाग काढायचं केमिकल) घासत बसलात तर पॉलिस्टरची जाळी कमजोर होते, अॅल्युमिनियमची फ्रेम खाल्ली जाते, आणि डोळ्यात उडालं तर फार वाईट.

आता सासूबाईंचं. डोकं दुखणं हे नुसतं वासाचं नाही, थिनरची वाफ अंगात जातेय त्याची ती खूण आहे, एनसी थिनरमध्ये बहुतेक वेळा टोल्यूइन असतं. ही वाफ हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचते, त्यामुळे सीलिंग फॅनने ती नुसती खोलीभर फिरते. एक्झॉस्ट फॅन खाली, धुण्याच्या जागेजवळ बसवा आणि हवा बाहेर जाऊ द्या. रुमाल किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, कार्बन कार्ट्रिजवाला मास्कच लागतो. घरात कोणी गरोदर असेल तर तिला या खोलीत येऊच देऊ नका. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट ४ डिग्री, म्हणजे निफाडची थंडी पडली तरी त्याची वाफ पेट घेऊ शकते, मग शेजारच्या खोलीतला गॅस आणि देवघरातली समई किती लांब आहे ते आजच बघा. टर्पेंटाइनचा ४० च्या आसपास, तो आकडा तर आपल्याकडे मे महिन्यात हवाच गाठते.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, वापरलेलं थिनर मोरीत ओतू नका. इकडचे नाले नासर्डीला जातात आणि नासर्डी गोदावरीला, ज्या गोदावरीच्या सिंहस्थाचे टी-शर्ट आपण छापतोय. वापरलेलं टर्पेंटाइन झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पुढच्या पहिल्या पुसण्याला चालतं. गाळ आणि फडकी घंटागाडीत नकोत, पत्र्याच्या झाकणबंद डब्यात साठवा आणि घातक कचरा कोण उचलतं ते एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) नाशिकच्या ऑफिसात विचारा.

प्रश्न: स्क्वीजीचं, म्हणजे शाई ओढायच्या पट्टीचं, रबर थोड्या दिवसांतच लाटांसारखं होतं, रेष नीट येत नाही. रबर खराब मिळतंय का?
- पंचवटीतील एक वाचक

उत्तर: रात्रभर थिनरच्या डब्यात उभी करून ठेवता का? पॉलियुरेथेन थिनर पिऊन फुगतं आणि कडा वाकडी होते. काम झालं की लगेच पुसून कोरडी करा, भिजत ठेवू नका. शक्य असेल तर दोन स्क्वीजी ठेवा, एक वापरली की तिला २४ तास आराम, तेवढ्यात आत शिरलेलं थिनर उडून जातं आणि रबर परत जागेवर येतं. तरीही कडा गोल झालेली असेल तर बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर लावून घासून घ्या.