कॉलेज सोडून नॅशव्हिलला?

प्रश्न : आम्ही अटलांटाजवळ राहतो. नवरा एच-१बीवर, वीस वर्षांची लेक अजून एच-४वर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. गिटार घेऊन कंट्री-फोक धाटणीची स्वतःची गाणी गाते. गेल्या महिन्यात कंट्री गाण्यांचं माहेर असलेल्या नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत सोमवारी एक गाणं गाऊन आली आणि आता कॉलेज सोडून तिकडेच राहायचं म्हणते. इथल्या एका कॉफी शॉपमध्ये तिला टिपांचे साठ डॉलरही मिळाले. आवाज तसा साधाच आहे हो. काय करावं? – एक आई

ताई, आवाजाची काळजी आधी सोडा. ब्लूबर्ड हे मुळात गीतकारांचं ठिकाण. एमी कर्लंड यांनी १९८२ मध्ये सुरू केलेलं, दुकानांच्या एका साध्या रांगेतलं, जेमतेम ९० खुर्च्यांचं. २००८ पासून ते गीतकारांच्याच संघटनेकडे आहे. मी एकदा गेले होते. चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसलेले (ही १९८५ पासूनची पद्धत), त्यातल्या एकाची गिटार माझ्या ताटलीपासून हातभर लांब. शेजारी कुणी कुजबुजलं तर वेट्रेसने ओठांवर बोट ठेवलं. तो गात होता ते गाणं रेडिओवर भलत्याच कुणाच्या आवाजात गाजलेलं. याचा घसा बसका, तरी खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आपला शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफून ठेवायचा. तिथल्या गीतकाराला ती सोय नाही, म्हणून त्याला अशी खोली लागते.

कंट्री गायक गार्थ ब्रूक्स १९८८ मध्ये आणि टेलर स्विफ्ट २००४ मध्ये, चौदाव्या वर्षी, इथेच रेकॉर्ड कंपनीवाल्यांच्या नजरेत भरले, हे लेकीने सांगितलं असेलच. पण ती गायली तो सोमवारचा ओपन माइक नाव नोंदवणाऱ्या कुणासाठीही असतो. ती निवड नव्हे. रविवारच्या गीतकारांच्या कार्यक्रमासाठी मात्र ऑडिशन द्यावी लागते. खरी चाळण ती. 'ती दिलीस का?' एवढंच विचारा.

पैशाचं म्हणाल, तर अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार आणि प्रकाशकाला रॉयल्टी मिळते, गाणाऱ्याला नाही. पब्लिशिंग कंपन्या, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणारे हे प्रकाशक, काही नवख्यांना दरमहा ठरावीक रक्कम देतात, पण तो पगार नसतो, उचल असते. ऊसतोडीच्या उचलीसारखीच, पुढच्या कमाईतून वळती होणारी.

आता मला खरी चिंता वाटली ती त्या साठ डॉलरची. एच-४वरच्या मुलांना कमाईची परवानगी नसते, आणि टिपा ही कमाईच. शिवाय एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर त्या अर्जापुरतं वयाचं गणित थोडं निराळं होतं. ते इमिग्रेशन वकिलाकडून याच महिन्यात करून घ्या. बहुतेक मुलं पुढे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतात, आणि एफ-१ टिकतो पूर्णवेळ शिक्षणावर. म्हणजे कॉलेज सोडलं तर नॅशव्हिलच काय, अमेरिकेतच राहता येणार नाही. 'बाबा नाही म्हणतात' यापेक्षा हे कारण तिला लवकर पटेल.

म्हणून माझं मत : विषय तोच ठेवावा, गाव बदलावं. नॅशव्हिलच्या बेलमाँट विद्यापीठात गीतलेखनाची पदवीच आहे, पण ते खाजगी आणि महागडं. तासाभराच्या आत मर्फ्रीसबरोला मिडल टेनेसी स्टेट आहे, सरकारी. तिथे रेकॉर्डिंग इंडस्ट्रीचा मोठा विभाग आणि कॉम्प्युटर सायन्सही. तिकडे ट्रान्सफर घेतली तर झालेले क्रेडिट किती धरतील, हे अर्जाआधी लेखी विचारा. मेजर कॉम्प्युटर सायन्सच राहू द्या. पदवीनंतर त्याच क्षेत्रात कामासाठी ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीचे, १२ महिने आणि एसटीईएमचे (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदव्यांना मिळणारे) वाढीव २४ मिळू शकतात. गीतलेखनाच्या पदवीला ते २४ नाहीत. तीन वर्षं दिवसा कोड आणि संध्याकाळी गाणी, हे जमण्यासारखं आहे.

तोवर ट्रान्सफरचा निकाल येईपर्यंत हात रिकामा नको. तुमच्या जवळच, डिकेटरला, एडीज ॲटिक आहे. गाणं ऐकायलाच लोक येतात अशी छोटी जागा. तिथल्या ओपन माइकला लेकीबरोबर तुम्ही दोघंही जा. मागच्या टेबलावर बसा, तिच्याकडे नको, लोकांकडे बघा. दुसऱ्या कडव्याला किती जणांचे फोन बाहेर येतात ते मोजा आणि घरी येताना गाडीत तिला सांगा. टिपांचा डबा मात्र घरीच राहू दे.